दम लागला, साखर उतरली : गाडी येईपर्यंत घरच्यांनी काय करावे?

या पानावर बहुतेक वेळा भात, ऊस आणि जनावरांचे आजार यांविषयीच लिहिले जाते. आज घरातल्या माणसाच्या आजाराविषयी लिहीत आहे, आणि तेही अशा आजारांविषयी की ज्यांत तास-दोन तासांत माणूस वाचतो किंवा हातचा जातो. एक मधुमेहाचा, म्हणजे शरीरातील ग्रंथींच्या रसाचा, दुसरा श्वासाचा. साखरेची गोळी किंवा दम्याचा पंप, दोहोंपैकी एक तरी वस्तू आज आपल्याकडील पुष्कळ घरांत आहे. वस्तू आहे, पण अडचणीच्या वेळी काय करायचे ते माहीत नाही, असे मला घरभेटींत वारंवार दिसते.

मळणीचे दिवस होते. रात्री अकराच्या सुमारास एक तरुण मोटारसायकलवरून आला. "फादर, लवकर चला, बाबांचं काही खरं नाही." मी अभ्यंगाचे तेल घेऊन निघालो. घरात मेणबत्ती लावलेली, खोलीत शेजारपाजारची पंधरावीस माणसे, आणि बाबा खाटेवर घामाने ओलेचिंब. डोळे अर्धवट मिटलेले, तोंडाने काहीतरी असंबद्ध बडबड. गाडी कोणीच बोलावली नव्हती. सगळे माझी वाट पाहत होते. थोरल्या सुनेने मात्र मला बाजूला घेऊन सांगितले, "संध्याकाळी साखरेची गोळी घेतली, आणि खळ्यावरून उशिरा आले म्हणून न जेवताच झोपले." तिनेच मग साखरेचे पाणी केले. बाबांना अजून गिळता येत होते. पंधरा मिनिटांत ते उठून बसले आणि "फादर एवढ्या रात्री कशाला आले?" म्हणून विचारू लागले. सगळे हसले. मीही देवाचे आभार मानून घरी येऊन झोपलो. पहाटे चारला तोच तरुण पुन्हा दारात. बाबा परत बेशुद्ध, आणि आता घोटभर पाणीही गिळत नव्हते.

ते वाचले, चार दिवस दवाखान्यात राहून घरी आले. पण त्या रात्रीची चूक माझीही होती, म्हणून आधी तीच समजावून सांगतो.

मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. पोटात अन्न असो वा नसो, त्या आपले काम करीतच राहतात. म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडे मंदावलेली असली तर त्यांचा अंमल दिवसभर, कधी त्याहूनही जास्त टिकतो. साखरेच्या पाण्याचा अंमल मात्र तास-दोन तासांत सरतो. म्हणजे माणूस शुद्धीवर आला तरी गोळी अजून आत जागीच असते. म्हणून अशा गोळ्या घेणाऱ्याची साखर उतरली, तर तो उठून बसला, हसला, चहा प्यायला, तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. तिथे त्याला शिरेतून ग्लुकोज चालू ठेवून रात्रभर पाहतात. मी हे त्या रात्री सांगायला हवे होते.

साखर उतरल्याच्या खुणा अशा : अचानक भूक, हात थरथरणे, छातीत धडधड, थंड घाम, मग चिडचिड, भलतेच बोलणे, दारू प्यायल्यासारखी चाल, आणि शेवटी झटके किंवा बेशुद्धी. (शिवारात असा झोकांड्या खाणारा माणूस दिसला की आपण चटकन त्याच्या दारूचा हिशेब मांडतो. आधी त्याला मधुमेह आहे का ते विचारावे.) मीटरवर ७० च्या खाली आकडा आला की साखर उतरली असे समजावे; ५४ च्या खाली तो धोका मोठा. मीटर घरात नसेल तर शोधत बसू नये. संशय असेल आणि माणूस गिळू शकत असेल तर साखर द्यावी. चुकून जास्त साखरवाल्याला दोन घोट साखरपाणी गेले तर त्याचे तेवढ्याने बिघडत नाही. उतरलेल्याला न मिळाले तर मेंदू उपाशी राहतो.

द्यायचे किती? चहाचे सपाट चार चमचे साखर अर्ध्या पेल्याभर पाण्यात. गुळाचे पाणीही चालेल, पण गुळाचा खडा चघळायला देऊ नये, तो घशात अडकतो. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, फरक नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे, आणि शुद्ध आली की भात, भाकरी, पेज असे काहीतरी पोटभर द्यावे. एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. ज्यांच्या गोळीच्या नावात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांच्या आतड्यात साधी साखर लवकर फुटत नाही. त्यांच्यासाठी घरात ग्लुकोज पावडरचाच डबा हवा. आजच गोळीची पट्टी उजेडात धरून वाचा.

जो गिळत नाही, त्याच्या तोंडात काहीही घालू नये. साखरपाणी नाही, तीर्थ नाही, औषध नाही. ते फुप्फुसात जाते, आणि साखरेने न मेलेला माणूस फुप्फुसाच्या आजाराने मरतो. त्याला एका कुशीवर वळवावे, वरचा गुडघा पुढे घ्यावा, तोंड किंचित खाली ठेवावे म्हणजे लाळ बाहेर वाहील. कवळी असेल तर काढावी. १०८ ला फोन करावा. कांदा हुंगवणे, चप्पल हुंगवणे, दातात चमचा घालणे, हे सारे सोडून द्यावे.

आता फोनविषयी. बंधुभगिनींनो, मला बोलवा, मी रात्री-अपरात्री येईन. पण आधी गाडीला फोन करा, मग मला. रुग्णाभ्यंग हा मरणाऱ्याला निरोप देण्याचा विधी आहे असे अजून कित्येकांना वाटते. तसे नाही, तो आजाऱ्याला बळ देण्यासाठी आहे, आणि तो दवाखान्याच्या खाटेवरही होतो. फादर येईपर्यंत गाडी थांबवून ठेवण्याची गरज नाही. मी मागून येतो.

याच संबंधात उपवासाविषयीही बोलले पाहिजे, कारण रविवारी सकाळच्या मिस्साला घेरी येऊन पडणाऱ्यांत मधुमेही आजीआजोबाच अधिक असतात. गोळी घेतली, इन्सुलिन टोचले, आणि ख्रिस्तशरीर घ्यायचे म्हणून न खाता दोन मैल चालत आले! १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी एकच तास अन्नपाणी वर्ज्य आहे. साधे पाणी आणि औषध यांनी तो नियम मोडतच नाही. आणि वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांना त्या एका तासाचेही बंधन नाही. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार यांचा उपवास अठरा वर्षे पूर्ण झालेल्यापासून साठाव्या वर्षात पाऊल ठेवीपर्यंत लागू. आजाऱ्याला त्यातूनही मोकळीक आहे. तेव्हा खाऊन या. खिशात साखरेची पुडी ठेवा. प्रवचन लांबले तर खुशाल तोंडात टाका, मी पाहिले तरी रागावणार नाही.

साखर चढल्याचा धोका याच्या उलट, आणि हळूहळू येणारा. इन्सुलिन कमी पडले की शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळू लागते आणि रक्त आंबट होते. आधी दोन-चार दिवस तहान, वारंवार लघवी. मग उलट्या, पोटदुखी, कोरडी जीभ, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, आणि एक विशिष्ट श्वास : खोल, जोराचा, न थांबणारा, भाता चालावा तसा. कुसमाउल नावाच्या जर्मन वैद्याने १८७४ साली या श्वासाचे वर्णन केले. घरचे लोक याला कधी दमा समजतात, कधी पित्त. फुप्फुस ठीक असते. रक्तातली आंबटाई बाहेर टाकण्यासाठी शरीर धडपडत असते.

यात घडणारी मोठी चूक अशी की, ताप-उलटीत जेवण जात नाही म्हणून लोक इन्सुलिनच बंद करतात. "खाल्लंच नाही तर सुई कशाला?" हा प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो, पण आजारपणात शरीराला इन्सुलिन उलट जास्त लागते. ज्याचा जीव इन्सुलिनवर आहे त्याने ते पूर्ण कधीच थांबवू नये. किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारावे, दर तीन-चार तासांनी साखर तपासावी, पाणी पीत राहावे. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. अन्न जात नसताना त्या थांबवाव्या लागतात, कारण त्यांच्यामुळे मीटरवरचा आकडा फार मोठा नसतानाही रक्त आंबट होऊ शकते. पुन्हा कधी सुरू करायच्या, तेही डॉक्टरच सांगतील.

१९२२ पर्यंत या अवस्थेतले मूल वाचत नसे. त्या वर्षी ११ जानेवारीला टोरांटोच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्पसन या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले. ते औषध अशुद्ध होते, फारसा गुण आला नाही. कॉलिप यांनी ते अधिक शुद्ध केल्यावर त्याच महिन्यात पुन्हा दिले आणि मुलगा सावरला. पुढे तेरा वर्षे तो जगला आणि १९३५ साली न्यूमोनियाने गेला. साखर आणि श्वास यांची गाठ अशी जुनी आहे.

दवाखान्यात अशा रुग्णावर काय चालते हे नातेवाइकांनी समजून घ्यावे, नाहीतर परिचारिकेशी भांडणे होतात. मोठ्या माणसाच्या अंगातले पाच-सहा लिटर पाणी गेलेले असते, म्हणून आधी सलाइन. मग इन्सुलिन अगदी थेंबाथेंबाने, आणि तासातासाला बोट टोचून साखर पाहणे. पोटॅशियम फार कमी असेल तर इन्सुलिन थांबवूनही ठेवतात, कारण इन्सुलिनमुळे ते आणखी उतरते आणि हृदयाचा ठोका बिघडतो. साखर २०० ते २५० पर्यंत आली की सलाइनमध्ये ग्लुकोज घालतात. इथे एका नातेवाइकाने माझ्यासमोर आरडाओरडा केला होता : "साखरेच्या माणसाला साखर चढवतात!" तिथे परिचारिकेचेच बरोबर होते. रक्तातली आंबटाई जायला इन्सुलिन चालूच ठेवावे लागते, आणि ते चालू ठेवायचे तर साखर फार उतरू नये म्हणून ग्लुकोज लागते. लहान मुलात तर सारे अधिकच सावकाश, कारण घाईने मेंदूला सूज येते. "लवकर करा" असा तगादा तिथे लावू नये.

आता श्वास. भाताची मळणी, गुऱ्हाळाचा धूर, बुरशी आलेल्या गवताची गंजी आणि चूल, एवढ्यांनी आपल्याकडची फुप्फुसे खराब होतात. दमा उठला की पहिली गोष्ट म्हणजे माणसाला आडवे करू नये. प्रेमाने अंथरूण घालून निजवणारे लोक मी पाहिले आहेत; रुग्ण उठू पाहतो आणि चौघे त्याला दाबून धरतात! त्याला बसवावे, पुढे उशी किंवा टेबल देऊन त्यावर हात टेकवावेत, गळ्याजवळची बटणे सोडावीत, चूल विझवावी, बघ्यांना अंगणात पाठवावे. मग साल्ब्युटामॉलचा पंप. एका वेळी एकच फवारा, नळीतून (म्हणजे स्पेसरमधून) चार-पाच श्वास, पुन्हा पंप हलवून दुसरा, असे चार फवारे. चार-पाच मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा चार, आणि गाडी बोलवावी. वाटेतही पंप चालू ठेवावा.

नळी नसेल तर अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडावे, पंप घट्ट बसवून फट चिकटपट्टीने बंद करावी आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यावा. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी मुलांवर तपासून १९९९ साली दाखवले की अशी बंद केलेली बाटली विकतच्या नळीइतकीच उपयोगी पडते. आजच करून ठेवावी. रात्री दोन वाजता भोक नीट पडत नाही.

धोक्याच्या खुणा ओळखाव्यात : एक वाक्य पुरे बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर होतात, माणूस गुंगीत जातो. सर्वांत फसवी खूण म्हणजे छातीतली घरघर थांबणे. घरच्यांना वाटते, उतरला. हवा आतच जात नसली तर आवाज कुठून येणार? घरघर थांबली पण माणूस थकत चालला असेल तर एक मिनिटही दवडू नये. झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारे खोकल्याचे औषध अशा वेळी देणे म्हणजे श्वासच बंद करणे. आणि पंपाची सवय लागते हा गैरसमज आता पुरे झाला. पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून गोळीपेक्षा फार थोडे लागते.

वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या किंवा विडी ओढणाऱ्या वृद्धांचा जुनाट दम वेगळा. २०२१ च्या करोनानंतर कित्येक घरांत प्राणवायूचे यंत्र आले आणि "जास्त दिला तर जास्त बरे" असे लोक समजू लागले. या रुग्णांत बोटावरच्या यंत्राचा आकडा ८८ ते ९२ पुरतो. प्राणवायू त्याहून फार वाढवला तर दूषित वायू आत साठतो आणि आजोबा शांत झोपल्यासारखे दिसत बेशुद्ध होतात. डॉक्टरांनी लावलेली चकती नातेवाइकांनी फिरवू नये. तोंडावर घट्ट मुखवटा लावून श्वास देत असतील तेव्हा तो बाजूला सारून चोरून पेज भरवू नये. पेज हवेबरोबर फुप्फुसात ढकलली जाते. खाटेचे डोके उंच ठेवलेले असते तेही त्याच कारणाने. "मान अवघडली असेल" म्हणून खाली करू नये. जपमाळ नळ्यांना बांधू नये, खाटेच्या पायथ्याशी बांधावी, कृपा तिथूनही पोहोचते. यंत्रावरचा रुग्ण बोलत नसला तरी बहुधा ऐकतो. त्याच्या उशाशी वाटणीच्या गोष्टी काढणारे भाऊ मी पाहिले आहेत.

साखर आणि दम यांना जोडणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे स्टेरॉइड. दम्यात ती जीव वाचवते, यात शंका नाही. पण बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या "दम्याच्या खात्रीच्या पुड्या" असतात, त्यांत पुष्कळदा तीच कुटून घातलेली असते. दोन दिवसांत आराम पडतो, भूक लागते, तोंड गोल होते. लोक म्हणतात, तब्येत सुधारली. आत साखर चढत असते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने गेलेल्या पुष्कळांच्या बाबतीत ताब्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइड यांचीच सांगड होती. शिवाय तीन-चार आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाले की मूत्रपिंडांवर बसलेल्या लहान ग्रंथी आपले काम विसरतात. मग पुडीवाला आला नाही, किंवा पैसे नव्हते म्हणून पुडी एकदम बंद झाली आणि त्यातच ताप आला, तर माणूस उलट्या करीत, रक्तदाब पडून कोसळतो. साखरही उतरते. वेळेवर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन मिळाले तर तासाभरात फरक दिसू लागतो. पण त्यासाठी रुग्ण पुडी खात होता हे डॉक्टरांना कळले पाहिजे. लाजू नका, पुडीचा कागदसुद्धा बरोबर न्या. आणि डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइडची गोळी बरीच दिवस चालू असेल तर ती आपण होऊन थांबवू नका. ते ती हळूहळू उतरवतात. थायरॉइडच्या गोळ्यांचेही तसेच : थंडीच्या दिवसांत महिनोन्‌महिने गोळी चुकवलेली म्हातारी बाई गार पडून, मंद श्वास घेत झोपेतून उठेना, तर ते निव्वळ म्हातारपण नव्हे.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक घोटाळा होतो. घाम, थरथर आणि दम ही लक्षणे कीटकनाशकाच्या विषबाधेतही येतात. पण तिथे डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि फेस येतो, छाती पाण्याने भरल्यासारखी वाजते. कपडे काढून साबणपाण्याने अंग धुवावे, धुणाऱ्याने हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात, ओकारी काढू नये, औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद घेऊन थेट मोठा दवाखाना गाठावा. यावर पुन्हा सविस्तर लिहीन.

प्रत्येक घरात कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावावा : रुग्णाचे नाव, आजार, चालू गोळ्या आणि त्यांच्या वेळा, कशाची ॲलर्जी, आणि गाडीवाल्याला सांगायच्या रस्त्याच्या खुणा, मळ्यातल्या घरांनी तर नक्कीच. इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवावे, बर्फाच्या खणात नाही. एकदा गोठले की टाकून द्यावे. वीज नसेल तिथे ओल्या वाळूत ठेवलेले मडके सावलीत चालते. मिशन बंगल्यात एक साखर मोजण्याचे यंत्र, एक नळी आणि ग्लुकोजचा डबा ठेवला आहे, कोणीही केव्हाही न्यावा. यंत्राच्या पट्ट्यांची डबी वापरून झाली की झाकण घट्ट लावा. मागच्या पावसाळ्यात ती उघडी राहिली आणि सगळ्या पट्ट्या दमट होऊन वाया गेल्या.